श्वासखात्याचे निवृत्त अधिकारी

पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान पुण्यातील उद्यानांत, ठाणे-डोंबिवलीकडच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि जेथे जेथे सतरंजी अंथरण्यापुरती सपाट जागा मिळते तेथे आढळणाऱ्या या गृहस्थवर्गास अभ्यासाच्या सोयीसाठी ‘श्वाससाक्षी’ म्हणता येईल. बहुधा बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आणि हाताखाली कोणी न उरल्याने स्वतःच्याच श्वासाला हाताखाली घेतलेला हा इसम आसनांकडे केवळ पूर्वतयारी म्हणून पाहतो; त्याचे खरे ध्येय ‘वर्तमानात राहणे’ हे असून ते सहा चाळीसपर्यंत उरकलेच पाहिजे असा त्याचा कटाक्ष असतो, कारण त्यानंतर दूध आणायचे असते.

वर्तमानात राहण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे उज्जायी. कंठद्वार किंचित आकुंचित करून नाकाने श्वास घेतला व सोडला असता घशात घर्षणाचा जो बारीक आवाज होतो, त्याला लक्ष चिकटवून ठेवावे म्हणजे आसनात मन भटकत नाही, अशी त्यामागची साधी व उपयुक्त कल्पना आहे. हा आवाज साधकाच्या स्वतःच्या कानापुरता पुरेसा असतो. श्वाससाक्षीचा मात्र तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतो, आणि परिणामी तो स्वतः वर्तमानात असो वा नसो, आजूबाजूचे सर्वजण असतात.

कपालभातीला प्राणायाम म्हणणाऱ्याची तो गय करीत नाही. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत ती आठ कुंभकांत, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्रकारांत, येत नसून षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत येते, ही माहिती तो नवागताला नेमकी त्याच्या चाळिसाव्या झटक्याला पुरवतो. आणि ती बरोबर असल्यामुळे नवागताला अधिकच राग येतो. लोणावळ्याच्या कैवल्यधामात (स्थापना १९२४) स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या, हे सांगताना तर त्याच्या स्वरात असा जिव्हाळा येतो की त्या वेळी रक्तदाबाचे यंत्र त्यानेच धरले असावे असे वाटते.

पतंजलींनी श्वासाचे नियमन देश, काल आणि संख्या यांच्या आधारे सांगितले आहे. त्यांपैकी संख्येवर या गृहस्थाचा विशेष लोभ आहे. पूरक म्हणजे श्वास घेणे चार मात्रा, कुंभक सोळा आणि रेचक म्हणजे सोडणे आठ, हे प्रमाण सांभाळीत, उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा दुमडून, अंगठ्याने उजवी आणि अनामिकेने डावी नाकपुडी आळीपाळीने बंद करीत तो नाडीशोधन करतो, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून आवर्तनांची नोंद घेत असतो. घरी गेल्यावर ही नोंद रकाने आखलेल्या वहीत चढते. लांबवलेल्या रेचकाने हृदयाची गती मंदावते आणि मोजणीने लक्षाला आधार मिळतो, हे खरेच आहे. पण हे आवर्तन सातवे की आठवे, अशी शंका एकदा उद्भवली की तिचा निकाल लागेपर्यंत पुढची दोन-तीन आवर्तने श्वासाने परस्पर उरकलेली असतात.

इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरालाही तो जाऊन आलेला असतो. तेथे आरंभी आनापान शिकवतात, म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा, न बदलता आणि न मोजता, नुसता पाहायला सांगतात. आणि हाच प्रकार त्याला सर्वांत अवघड जातो, कारण त्याने लक्ष वळवताच, साहेब आले म्हणताच टेबल आवरणाऱ्या कारकुनासारखा त्याचा श्वास एकदम शिस्तीत चालू लागतो.

वर्षातून एकदोनदा, बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी, त्याला सर्दी होते. डावी नाकपुडी पूर्ण बंद आणि उजवी अर्धवट, अशा रात्री अंथरुणात बसून येणारा श्वास कोठवर येतो, कोणत्या बाजूने येतो, मुळात येतो की नाही, याकडे तो जिवाच्या आकांताने लक्ष देतो. मात्रांची आठवण राहत नाही, पेन्शनचा फरक आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचे बोलणे मनात फिरकतही नाही. सकाळी वाफ घेऊन झाल्यावर तो वही उघडतो आणि त्या तारखेपुढे, नियमाप्रमाणे, ‘खाडा’ असे लिहितो.