कळविण्यास अत्यंत आनंद होतो

तुमच्याही गावात सर असतीलच. लग्नपत्रिका, सेवापूर्तीचं मानपत्र, चौकातला श्रद्धांजलीचा फलक, स्नेहसंमेलनाचं आभारप्रदर्शन, यातलं काहीही ज्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही, ते सर. आमच्या पालमचे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावाला वाटलं, आता जरा कमी लिहितील. नेमकं तेव्हाच त्यांच्या पुतण्यानं पुण्यात एक छोटं नाट्यगृह चालवायला घेतलं आणि तिथल्या वेबसाइटचे नि मेलचे मराठी मजकूर काकांकडे सोपवले.

लवकरच मला मेल आला : 'आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आपण आपला पासवर्ड विसरला आहात.'

मी काही विसरलो नव्हतो. सर चाचणी घेत होते. हल्ली तिकीटविक्रीची प्रणाली आयती मिळते आणि तिच्यात प्रत्येक प्रसंगाचा मजकूर तयार असतो : तिकीट पक्कं झालं, पैसे अडकले, वेळ बदलली, प्रयोग रद्द झाला. हा मजकूर ज्यानं त्यानं आपल्या मर्जीप्रमाणं बदलावा, अशी सोय असते. ही सोय सरांना सांगायला नको होती. त्यांनी सगळे मजकूर उघडले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आपलं वाक्य बसवलं. 'आपले पैसे बँकेत अडकले आहेत', अत्यंत आनंद. 'आपण निवडलेली खुर्ची दुसऱ्याने घेतली आहे', अत्यंत आनंद.

पावसाळ्यात एकदा मुख्य कलाकाराचा घसा बसला आणि पुण्याच्या रसिकांना संदेश गेला : 'आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आजचा प्रयोग रद्द झाला आहे.' पुतण्याचा फोन आला तेव्हा मी सरांच्या ओट्यावरच होतो.

"काका, लोक शिव्या द्यायलेत."

"का बरं? पुढं वाच की. पैसे परत मिळायलेत त्यांना. पुण्याच्या माणसाला पैसे परत मिळाल्यावर दुःख होतं का?"

पुतण्याचं खरं दुखणं निराळं होतं. मोबाइलच्या साध्या संदेशात इंग्रजी असेल तर १६० अक्षरं बसतात, देवनागरी असेल तर ७०. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पायमोडका, दोन शब्दांमधली मोकळी जागा, सगळ्यांना वेगळं तिकीट. सरांचं वाक्य या हिशेबानं 'की'पर्यंत बरोबर ३६ भरतं. उरलेल्या ३४ मध्ये नाटकाचं नाव, वार, वेळ आणि खुर्ची कोंबायची. ते काही कोंबलं जाईना. एका प्रेक्षकामागं दोन-दोन, तीन-तीन संदेशांचे पैसे पडू लागले. आनंद आणि हिशेब यांचा असा शब्दशः छत्तीसचा आकडा मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

बरं, आनंद काढून टाकावा तर तेही सोपं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणं अशा संदेशाचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नाव-तारखेच्या जागा तेवढ्या मोकळ्या; बाकी शब्द बदलला की संदेश अडतो. सरांनी ही बातमी फार समाधानानं ऐकली. "म्हणजे सरकारनंच मंजूर केलाय आपला आनंद," ते म्हणाले.

चाचणीला गिऱ्हाईक लागतं. सर तिथं 'अबक' लिहिणाऱ्यांतले नव्हेत. माझ्या मेलपेटीत श्री. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचं तिकीट अजून पडलेलं आहे; शेजारची खुर्ची केशवराव भोसल्यांची. तारीख सरांना ८ जुलै १९२१ हवी होती. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव 'मानापमाना'त एकत्र उभे राहिले, तो दिवस. प्रणालीनं मागची तारीख नाकारली, तेव्हा सरांनी महिना-दिवस तोच ठेवून साल नाइलाजानं पुढं ढकललं. मग घोडं अडलं 'श्री. की श्रीमती' या रकान्यापाशी. "भामिनी कोण झालं होतं? बालगंधर्वच ना? मग माणसाचं लिहू का पात्राचं?" यावर आमची संध्याकाळ गेली. प्रयोगाचं स्थळ त्यांनी जांभुळबेट टाकलं होतं. आमच्या तालुक्यातलं हे बेट गोदावरीच्या ऐन पात्रात आहे. तिकिटाखाली ठरलेली ओळ होतीच : 'वाहनतळाची सोय आहे.'

खरी लढाई झाली ती महिरपी कंसांशी. साच्यात जिथं नाव किंवा गाव येणार तिथं महिरपी कंस असतो आणि संगणक त्यात शब्द जसाच्या तसा आणून टाकतो. त्यामुळं पहिल्या चाचणीत 'पुणेमध्ये' आलं आणि सरांचा रक्तदाब वाढला. आयुष्यभर पोरांना सामान्यरूप शिकवलं, आता यंत्राला कोण शिकवणार? अखेर त्यांनी सगळीकडं 'येथे' लावलं. पुणे येथे, परभणी येथे. "येथे म्हणजे विभक्तीचं अनाथालय," सर कडवटपणे म्हणाले. त्यानंतर 'आपली १ तिकिटे पक्की झाली आहेत' हे वाक्य निघालं. एकट्यानं नाटक पाहणाऱ्या माणसाचा हा अपमान आहे, असं पुतण्याला बजावून सरांनी त्याच्याकडून एकवचनाचा साचा वेगळा करून घेतला. आणि एकवचनी प्रेक्षकालाही कळविण्यास अत्यंत आनंद होऊ लागला.

हे सगळं मी चेष्टेनं सांगतोय खरा. पण एका जागी मला गप्प बसावं लागतं.

मेलच्या तळाशी आयती ओळ होती : 'कृपया या मेलला उत्तर देऊ नये.' ती वाचून सर हबकलेच. "दुसऱ्याच्या दारात जाऊन हाक मारायची आणि त्यानं 'ओ' देऊ नये म्हणायचं? ही कुठली रीत?" त्यांनी ती ओळ खोडली आणि उत्तराच्या रकान्यात, पुतण्याला न विचारता, स्वतःचा पत्ता घातला.

उत्तरं येऊ लागली. कोथरूडच्या एका आजींनी विचारलं, वर जायला पायऱ्या किती आणि कठडा आहे का? सरांना काय ठाऊक! त्यांनी ते नाट्यगृह कधी पाहिलेलंच नाही. नाटक बघायचं तर ते राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी परभणीला जातात, पाहिलेलं नाटक पुरतं मुरवून येतात आणि वर्षभर त्यावर बोलतात. त्यांनी रात्री फोन करून पुतण्याला पायऱ्या मोजायला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक तिकिटावर ओळ आली : 'पायऱ्या चौदा. कठडा उजव्या हाताला.' मग कोणी विचारलं, प्रयोग सुटल्यावर हडपसरची बस मिळते का. कोणी विचारलं, मधुमेह आहे, डबा आत नेऊ देतील का. सर चौकशी करतात, ज्याला त्याला हातानं उत्तर लिहितात, 'आपले पत्र पावले' अशी सुरुवात करून. साचा लांबत जातो. पुतण्या कपाळावर हात मारतो, पण ओळ काढत नाही. आजी आता मैत्रिणींना घेऊन येतात. इतर ठिकाणी मी तिकीट काढतो तेव्हा मला 'हाय युजर!' म्हणून हाक येते आणि काही अडलं तर यंत्र मलाच एक ते पाचपैकी तारे मागतं. सर मला निदान राजहंस तरी म्हणतात.

यंदा ५ नोव्हेंबरच्या, रंगभूमी दिनाच्या, प्रयोगाचा पास पुतण्यानं काकांच्या नावानं काढला. प्रणालीनं आपलं काम केलं. सरांनी चष्मा लावला आणि मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं : अत्यंत आनंद, पुणे येथे, एकवचनी तिकीट, पायऱ्या चौदा, कठडा उजव्या हाताला, हडपसरची बस. "किती व्यवस्थित कळवलंय बघा," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेची रेघही नव्हती.

जायचं म्हणजे आधी गंगाखेड, तिथून पुढं रात्रभर. गुडघे तयार नव्हते. सरांनी तिथंच उत्तर लिहिलं : प्रवास सोसत नाही, क्षमस्व, माझी खुर्ची नाटकवेड्या एखाद्या विद्यार्थ्याला द्यावी. पाठवलं. मोबाइल लगेच वाजला, कारण त्या पत्त्यावरची उत्तरं येतात ती सरांकडंच. त्यांनी आलेलं पत्र पुन्हा सावकाश वाचलं आणि टंकायला लागले.

"आता काय करायलात, सर?"

"उत्तर द्यायलो. गृहस्थ येऊ शकत नाही, पण पोराची सोय बघायलाय. त्याला तसंच ठेवायचं का?"