दिव्यत्वाचे टक्के

आपल्याकडे एखाद्या प्रश्नाचं काही करणं जमत नसलं की त्याचं बारसं करण्याची पद्धत आहे. पाळणा सजतो, कानात नाव सांगितलं जातं, घुगऱ्या वाटल्या जातात आणि पाहुणे पान खात घरी जातात. उद्यापासून मूल कोण सांभाळणार, हे विचारायचं नसतं. शुभकार्यात अपशकुन कशाला?

२७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं आणि देशभरातल्या पेंटर मंडळींना सुगीचे दिवस आले. केंद्राच्या विभागाचं हिंदी नाव बदललं. पुण्यातलं अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं. डिसेंबर २०२२ मध्ये तर महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच काढला. जुन्या एसटीत सीटच्या वर 'अपंगांसाठी राखीव' ही अक्षरं अजून कुठे कुठे दिसतात. पण त्या अक्षरांखाली डोळे मिटून बसलेला धडधाकट गृहस्थ नव्या पाटीखालीही तसाच बसतो, त्यामुळे बदल अगदी सुरळीत पार पडला म्हणायचा.

ज्यांचं बारसं झालं त्यांच्यातल्या काही संघटना तेव्हाच कुरकुरल्या. आमच्या अंगात दिव्य असं काही नाही, दुखतं, खुपतं, घाम येतो, असं त्यांचं म्हणणं. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताचा अहवाल तपासताना या शब्दावर नापसंती नोंदवली. पण जिनिव्हात बसणाऱ्यांना आपली संस्कृती काय कळणार? आपल्याकडे मुळात ३३ कोटी देव. त्यात २०११ च्या जनगणनेतल्या २ कोटी ६८ लाखांची भर पडली तर बिघडलं कुठे!

आणि देव करण्यात एक सोय असते. देवाला नमस्कार करता येतो, नैवेद्य दाखवता येतो, अगदीच अडलं तर नवस बोलता येतो. देव पगार मागत नाही, बढती मागत नाही, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज तर मुळीच टाकत नाही. शिवाय जितक्या जास्त पायऱ्या चढून दर्शन होईल तितका देव जागृत, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. सरकारी इमारतीत 'दिव्यांग कक्ष' बिनलिफ्टच्या पहिल्या मजल्यावर का असतो, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

आता देव म्हटलं की तो खरा की खोटा हे तपासणं आलंच. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी ज्या संकेतस्थळावर अर्ज करायचा त्याचं नाव 'स्वावलंबन', आणि तो अर्ज बहुतेकांना कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतल्या पोराकडून भरून घ्यावा लागतो. मग जिल्हा रुग्णालयातली रांग. तिथे माणसाला नावाने कुणी हाक मारत नाही. टक्क्यांनी मारतात.

"ओ ताई, तुमचे किती?"

"अडतीस, साहेब."

"दोनाने गेलं. चाळीसच्या आत काही मिळत नाही. आणि ते पासष्टवाले काका कुठे गेले? त्यांना पुढे घ्या."

ताई उभ्या राहतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, त्यामुळे उभं राहतानाही त्या टेबलाच्या कडेला बोटं टेकवतात. साहेब त्या बोटांकडे बघून म्हणतात, "टेबलाला टेकू नका, शिक्के हलतात." दहावीच्या निकालात दोन गुण कमी पडले तर फेरतपासणीची वाट तरी सगळ्यांना माहीत असते. इथे दोन टक्के कमी पडले की माणूस एकदम धडधाकट होतो, नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातून उठतो आणि एसटीच्या सवलतीतूनही. काहींना मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे अमुक तारखेपर्यंत दिव्य, पुढचं पुढे. तारीख उलटली की सवलती थांबतात आणि दिव्यत्वाच्या नूतनीकरणासाठी पुन्हा तीच रांग, तेच टेबल, तेच शिक्के.

त्यातून आम्हा वर्तमानपत्रवाल्यांनी या शब्दाला जे रूप दिलं आहे त्याला तोड नाही. खोटी प्रमाणपत्रं देऊन बदल्या आणि नोकऱ्या लाटणाऱ्यांच्या बातम्यांवर मथळा असतो, 'बोगस दिव्यांग'. साध्या 'खोट्या अपंगां'ना ही उंची कधी गाठता आली नसती.

हेच दिव्यजन महिन्याच्या अनुदानासाठी तहसीलदाराच्या दारात जातात तेव्हा मात्र योजनेचं नाव असतं संजय गांधी निराधार अनुदान योजना. म्हणजे भाषणात दिव्य, बँकेच्या पासबुकात निराधार. त्यातल्या दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये झालं. स्वर्गातल्या राहणीमानाचा खर्च किती असतो ते मला माहीत नाही, पण तालुक्याच्या गावात कुबड्या, रिक्षा आणि औषधं एवढ्यात बसत नाहीत. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असाही दंडक आहे. हा ५ टक्के निधी वर्षभर गाढ झोपलेला असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो दचकून उठतो आणि मिळेल त्या वस्तूवर खर्च होतो.

वर्तमानपत्रांचा विषय मघाशी निघालाच आहे तर दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसाबद्दल बोलू. त्या दिवशी आमच्या प्रत्येक आवृत्तीत एक चौकट असते : 'अंधत्वावर मात करत मिळवले ८८ टक्के'. दरवर्षी मात. इतक्या वेळा मात होऊनही अंधत्व खेळायला पुन्हा येतंच. आता त्या चौकटीतल्या मुलीने खरी झुंज कुणाशी दिली ते विचारा. ब्रेलमधली पुस्तकं वेळेवर आली नाहीत. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा, आणि परीक्षेच्या काळात स्वतःचा अभ्यास सोडून दुसऱ्याचा पेपर लिहायला कोण पालक मुलाला पाठवतो? जे आलं ते पोर 'प्रकाशसंश्लेषण' लिहिताना तीनदा अडलं. तासामागे २० मिनिटं जादा द्यायची असतात, हे पर्यवेक्षकांना तिनेच समजावून सांगितलं आणि त्यात तिची पाच मिनिटं गेली. तिला न दिसणं ही तिच्या रोजच्या सवयीची गोष्ट आहे. त्यावर मात करायला तिला सवड कुठे होती? पण 'शिक्षण मंडळावर, शाळेवर आणि पर्यवेक्षकांवर मात' असा मथळा दिला तर तो एका कॉलमात बसत नाही, आणि बसला तरी पुढच्या वर्षी शाळेची जाहिरात येत नाही.

त्याच पठडीतली दुसरी ओळ : 'व्हीलचेअरला खिळलेले आयुष्य'. ज्या वस्तूमुळे माणूस घराबाहेर पडू शकतो तिलाच आम्ही खिळे ठोकले. या न्यायाने पुण्यातली निम्मी प्रजा दुचाकीला खिळलेली आहे.

शब्द जुने झाले की नवे आणायचे, हा धंदाही जुनाच. 'मतिमंद' हा शब्द शाळांच्या पाट्यांवर लागला तेव्हा तो शिवी नव्हता. मधल्या सुट्टीत तो मैदानावर उतरला आणि महिन्याभरात शिवी झाला. मग 'गतिमंद' आला, 'विशेष मुले' आली. आता सातवीतला पोरगा गोल चुकवणाऱ्या मित्राला म्हणतो, "तू काय स्पेशल आहेस का रे?" आणि सगळी टीम फिदीफिदी हसते. दोष शब्दात असता तर तो एव्हाना धुऊन निघाला असता. 'दिव्यांग'ही त्याच मैदानाकडे निघालेला आहे. "दिव्यांग आहेस का, दिसत नाही?" हे मी सिग्नलवर ऐकलंय, आणि म्हणणाऱ्याच्या गाडीवर मागे 'माणुसकी हाच धर्म' असं लिहिलं होतं.

याचा अर्थ शब्दांनी काही होत नाही असा नव्हे. 'मूकबधिर' घ्या. दादरला गर्दीच्या वेळी दोन प्लॅटफॉर्मवर समोरासमोर उभी असलेली दोन पोरं बघा. मधून दोन गाड्या धडधडत गेल्या, वर कर्ण्यातून घोषणा कोकलतेय, आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ही दोघं रुळांच्या पलीकडून हातवारे करून कालच्या मॅचवरून कडाडून भांडतायत. एकाने अंपायरचा असा काही उद्धार केला की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळला. यांना आपण मूक म्हणतो. आणि एकदा मूक म्हटलं की पुढचं सोपं होतं : बोलताच येत नाही म्हणजे भाषा नाही, भाषा नाही म्हणजे दुभाषा कशाला, दुभाषा नाही म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायची कशी? शब्द इथे नुसता लागत नाही, तो एक पद वाचवतो.

राजकारण्यांवर मात्र अन्याय झाला असं माझं प्रामाणिक मत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं की भाषणांत आंधळा, बहिरा, लंगडा, लुळा, वेडा असले शब्द हिणवण्यासाठी वापरू नका. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमावाल्यांना अपंगांची टिंगल करू नका म्हणून मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. ठीक आहे. पण मग विरोधी पक्षनेत्याने बोलायचं काय? 'हे आंधळं, बहिरं, मुकं, लंगडं सरकार' एवढ्यावर ज्यांची तीस वर्षं निघाली त्यांच्यावर एकदम मुद्दे मांडण्याची पाळी आली. शिवाय त्या वाक्यात खरी बदनामी कुणाची होते? आंधळा माणूस काठी घेऊन, कान देऊन, चार जणांना विचारून नेमका बँकेत पोचतो. सरकारला ती तुलना झेपणारी नाही.

(आंधळी कोशिंबीर मात्र राहू द्यावी. काही उत्साही मंडळी खेळांची नावं बदलायला निघतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. लंगडीसुद्धा. 'दिव्यपद-स्पर्धा' असं काही निघालं तर मी सदर बंद करीन.)

दर ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, या सगळ्याचा उत्सव असतो. मंच साडेतीन फूट उंच, चढायला लोखंडी शिडी. सत्कारमूर्ती व्हीलचेअरवर. चार कार्यकर्ते पुढे होतात, "उचल रे, डावीकडून धर" असं ओरडत खुर्चीसकट त्यांना वर घेतात आणि छायाचित्रकार नेमका तोच क्षण टिपतो, कारण सेवाभाव त्यात जास्त दिसतो. मग प्रमुख पाहुणे सांगतात की यांच्याकडे बघून आपल्याला आपली दुःखं किती छोटी ते कळतं. ज्याच्याकडे बघून हे कळलं तो गृहस्थ एका संस्थेत हिशेबनीस असतो आणि भाषण लांबल्यामुळे त्याची शेवटची लो-फ्लोअर बस जाणार असते. एका सत्कारात अशाच एकांना नंतर विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय म्हणायचं? अपंग, विकलांग, दिव्यांग?" ते म्हणाले, "काहीही म्हणा हो, पण त्या रॅम्पवरची बुलेट आधी काढायला सांगा."

गंमत म्हणजे कायद्याला हे कळलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, हे सगळे सांगतात. त्यातली व्याख्या कुणी वाचत नाही. शरीरातली किंवा मनातली दीर्घकाळची उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडून माणसाचा समाजातला बरोबरीचा सहभाग अडतो, अशा अर्थाचं तिथे लिहिलंय. म्हणजे निम्मं अपंगत्व माणसाच्या पायात, निम्मं जिन्यात. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारायच्या, अशीही तरतूद होती. ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक करा. माणसाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली तर सवलत थांबते. इमारतीची मुदत संपली तर कुणाचं काय थांबलं?

तेव्हा माझी सूचना अशी की वैद्यकीय मंडळाने माणसं तपासून झाली असतील तर आता इमारती तपासाव्यात. त्यांनाही टक्के द्यावेत. अहवाल साधारण असा येईल :

अर्जदार : तालुक्याची मध्यवर्ती प्रशासकीय इमारत. वय ३८. रॅम्प : आहे, वरच्या टोकाला एक पायरी. कठडा : डाव्या बाजूचा गळून पडलेला. लिफ्ट : जन्मतः नाही. स्वच्छतागृह : आहे, कुलूप लावलेलं, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. दृष्टी : ब्रेलमधली एक पाटी, खराब होऊ नये म्हणून काचेच्या आत. श्रवण : तक्रारपेटी आहे, उघडल्याची नोंद नाही. अपंगत्व : ८५ टक्के. स्वरूप : कायम. सोबतीची गरज : आहे.

हा अहवाल वर जाईल. दोन महिन्यांनी त्यावर शेरा मारून फाइल खाली येईल, आणि शेरा असा असेल : 'अपंग' हा शब्द शासकीय इमारतीच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारा असल्याने यापुढील सर्व पत्रव्यवहारात 'दिव्य वास्तू' असा उल्लेख करावा. पाटी रंगवण्याचा खर्च ५ टक्के निधीतून भागवावा.