दूरदृष्टी आणि खालची टाकी

नेतृत्व जन्मजात असतं की कमवावं लागतं, यावर विद्वानांमध्ये बराच वाद आहे म्हणे. माझ्यापुरता तो मिटला आहे. मला नेतृत्व लोणावळ्याला मिळालं, कंपनीच्या खर्चानं, शनिवार-रविवारात, चहा-नाश्ता आणि चिक्कीच्या पुड्यासकट.

त्याआधीचं माझं आयुष्य म्हणजे निव्वळ व्यवस्थापन. कचेरीत माणसांच्या रजा एकमेकींवर आदळू द्यायच्या नाहीत, प्रिंटरचं टोनर संपायच्या आत मागवायचं, कुणाच्या वाढदिवसाला बिनअंड्याचा केक लागतो ते लक्षात ठेवायचं. आणि घरी आलं की सोसायटी. पुण्यातल्या आमच्या चोवीस फ्लॅटांच्या सोसायटीचा मी चेअरमन आहे, कारण एका वार्षिक सभेला मी उशिरा पोचलो. आणि सेक्रेटरीही मीच आहे, कारण पुढच्या सभेला मी गेलोच नाही. उन्हाळ्यात रोज रात्री नऊला टँकरवाल्याला फोन करायचा, पहाटे वॉचमनला 'मोटर लाव' म्हणायचं, थोड्या वेळानं 'मोटर बंद कर' म्हणायचं आणि हे सगळं एका लांबट हिरव्या रजिस्टरात लाल-निळ्या पेनानं टिपायचं, यात मी इतका रमलो होतो की आपण काही हलक्या दर्जाचं काम करतोय, अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती. ती लोणावळ्यात आली.

तिथले सर माझ्या मुलाच्या वयाचे होते, पण गालाशी चिकटलेल्या माइकमुळे त्यांचा अधिकार वाढला होता. त्यांनी सांगितलं की 1977 साली हार्वर्डच्या अब्राहम झेलेझनिक नावाच्या प्राध्यापकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून विचारलं, मॅनेजर आणि लीडर ही वेगळी माणसं असतात का? आणि उत्तरही दिलं, की असतात, मुळातल्या स्वभावानंच असतात. मॅनेजरला सगळं घडी घातलेलं आणि मुठीत असलेलं आवडतं. लीडरला थोडा गोंधळ चालतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर अजून न घडलेलं काहीतरी असतं. पुढे 1990 साली हार्वर्डच्याच जॉन कॉटर यांनी त्याच नियतकालिकात मांडलं की मॅनेजर गुंतागुंत निस्तरतो आणि लीडर बदल घडवतो. पहिला योजना आणि अंदाजपत्रक करतो, माणसं नेमतो, देखरेख ठेवतो. दुसरा दिशा ठरवतो, माणसं त्या दिशेला वळवतो, त्यांना हुरूप देतो. पडद्यावर दोन रकाने होते. त्यातला डावीकडचा वाचताना कुणीतरी माझं हिरवं रजिस्टर भर सभेत मोठ्यानं वाचून दाखवतंय, असं मला वाटायला लागलं.

मग जेवणाची सुट्टी झाली. श्रीखंड-पुरी होती. दुपारच्या सत्रात सर काय बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण मी शेवटच्या रांगेत खांबाच्या आड बसलो होतो. खांबाला टेकताही येत होतं.

परतीच्या लोकलमध्ये मी ठरवलं की आता नेता व्हायचं. प्रश्न एवढाच होता की कुठे. कचेरीत साहेब आहेत. घरात ती जागा लग्नापासून भरलेली आहे. राहिली सोसायटी.

नेत्याला आधी स्वप्न लागतं. मे महिना होता, त्यामुळे स्वप्न शोधायला लांब जावं लागलं नाही: टँकरमुक्त सोसायटी! गच्चीवर पडणारा पाऊस पाइपानं खाली आणायचा, गाळून शोषखड्ड्यात सोडायचा आणि बोअरचं पाणी वाढवायचं. हिशेब अगदी साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमची गच्ची चारशे चौरस मीटर, पुण्याचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे 2 लाख 80 हजार लिटर. उडालं-सांडलं वजा करून सव्वादोन लाख धरा. दहा हजार लिटरचे बावीस टँकर, आणि तेही आकाशातून!

त्याच आठवड्यात मी अधिकारांचं वाटपही करून टाकलं. लीडर म्हणे बारीकसारीक गोष्टींत लुडबुड करत नाही. मी वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मोटर कधी लावायची आणि कधी बंद करायची, ते यापुढे तू ठरवायचंस. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे." त्याचा चेहरा उतरला.

"सायेब, माझं काय चुकलं का?"

शनिवारी रात्री गच्चीवर सभा घेतली. सतरंज्या, वडापाव, पांढरी चादर टांगून केलेला पडदा. मी दिशा दाखवत होतो, माणसं वळवत होतो, हुरूप तर इतका देत होतो की पहिल्या मजल्यावरचे आजोबा वडा खायचे थांबले. ऐन भरात आमच्या हिनं दोनदा मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. भाषण आवरा म्हणत असेल, असं समजून मी आणखी वीस मिनिटं बोललो. नऊ वाजून गेले होते.

शेवटी खजिनदारांनी हात वर केला. ते बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, "सरकारी मापानं माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं. चोवीस घरं, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला तेरा हजार लिटर. तुमचं वर्षाचं सव्वादोन लाख लिटर आपल्याला सतरा दिवस पुरेल. उरलेले 348 दिवस काय करायचं?"

मी म्हणालो, हा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे. टाळ्या पडल्या.

त्या रात्री वॉचमननं आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय घेतला. पाणी कमी पडलं तर सगळे आपल्याला बोलतात, जास्त झालं तर कुणी बोलत नाही, असा पक्का विचार करून त्यानं मोटर लावली आणि ती चालू ठेवून तो झोपला. खालच्या टाकीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी वर गेलं, वरची टाकी भरली, मग ओसंडली आणि गच्चीवरून पन्हळीवाटे मध्यरात्री धो धो खाली येऊन रस्त्यावरच्या गटारात गेलं. माझ्या प्रकल्पाचं याहून हुबेहूब प्रात्यक्षिक मला जमलं नसतं. वरच्या टाकीतलं पाणी रविवारी सकाळी साडेआठपर्यंत पुरलं, आणि रविवारी साडेआठला आमच्या सोसायटीतली बरीचशी माणसं साबण लावलेल्या अवस्थेत असतात.

टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, काल तुमचा फोनच नाही. मला वाटलं, लागली महापालिकेची धार. गाडी लग्नाला पाठवली."

संकटात नेता पुढे असतो, हे जेवणाआधीच्या सत्रातलं असल्यामुळे माझ्या लक्षात होतं. मी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढलो आणि टॉवेल गुंडाळून जमलेल्या सभासदांना सांगितलं की प्रत्येक अडचणीत एक संधी लपलेली असते. खजिनदार म्हणाले, "माझ्या डोळ्यांत साबण गेलाय. मला काही दिसत नाही."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून आल्या. त्या कुठल्याही कमिटीवर नाहीत. त्यांनी मला फक्त एकच विचारलं, "रजिस्टर कुठंय?" मी खुर्चीवरून उतरून ते आणून दिलं. शेवटच्या पानावर आणखी तीन टँकरवाल्यांचे नंबर होते, त्यातला कोण रविवारी फोन उचलतो त्यापुढे लाल टिंब होतं, आणि गेल्या मे महिन्यात शेजारच्या सोसायटीला आपण एका रात्री पाणी दिल्याची तारखेसकट नोंद होती. अक्षर माझंच होतं. काकूंनी ते पान उघडून कंपाउंडपलीकडे दाखवलं आणि दहा मिनिटांत भिंतीवरून पाइप आला. मग त्या एवढंच म्हणाल्या, "घरटी दोन बादल्या. आधी आजोबा, मग तान्ही मुलं असलेली घरं, मग साबणवाले. चेअरमन शेवटी." एकानंही हुज्जत घातली नाही. मीही नाही. माझी आंघोळ दुपारी झाली.

संध्याकाळी लोणावळ्याची फाइल उघडली. जेवणानंतरच्या पानांवर कॉटरसाहेबांनीच लिहिलेलं होतं की ही दोन्ही कामं एकमेकांना पूरक आहेत, आणि नेतृत्व दणदणीत पण व्यवस्थापन लेचंपेचं असेल तर त्याचा काही फायदा नाही, उलट कधी कधी जास्त वाईट होतं. खाली उदाहरण म्हणून सरांनी आणंद दिलं होतं. खेडा जिल्ह्यातल्या दूधवाल्या शेतकऱ्यांना त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव फिरून एकत्र आणलं, 1946 साली त्यांचा संघ उभा राहिला. पण गोळा झालेलं दूध नासायच्या आत पोचवायला यंत्रं जाणणारा माणूस हवा होता, तो 1949 साली सरकारी नोकरीवर, नाइलाजानं, आणंदला येऊन पडला: वर्गीस कुरियन, ज्यांना स्वतःला दूध आवडत नसे. कुरियन पुढे स्वतः केवढे मोठे नेते झाले ते आपण जाणतोच, पण सुरुवात बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्यापासून झाली. 1963 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो दोघांना मिळून, मुंबईच्या दारा खुरोडींसह. आणि तो समाजनेतृत्वासाठी होता. म्हणजे त्या मनिलाच्या मंडळींनी दूध वेळेवर पोचवणं हेही नेतृत्वातच धरलं होतं. त्यांच्याकडे जेवणात श्रीखंड नसावं.

शोषखड्डा झाला, पाऊस सुरू व्हायच्या आधीच. स्वप्न लोकांना आवडलंच होतं. सतरा दिवस तर सतरा दिवस, म्हणाले. घरोघर फिरून वर्गणीसाठी माणसं काकूंनी वळवली, निविदा खजिनदारांनी तपासल्या. टँकरचा फोन रात्री नऊला चेअरमननंच करायचा, असा ठराव एकमतानं झाला. सूचक आमची ही. वॉचमननं आपले अधिकार मला परत केले आणि तो पुन्हा हसायला लागला. ठेकेदाराचा माल उतरला त्या दिवशी सिमेंटच्या गोण्या मी मोजल्या.

एक कमी होती. आणायला लावली.