रविवारी भांडण मिटवण्याची सोपी पद्धत
(नवशिक्यांसाठी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांकरिता)

ज्यांच्या घरात किमान एक दावा चालू आहे, वकिलांचा नंबर ज्यांना तोंडपाठ आहे आणि मागच्या मोजणीपासून ज्यांनी चुलत्याशी बोलणे टाकले आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तारखेला गेले की एक दिवसाची मजुरी किंवा रजा बुडते, एसटीचे भाडे जाते आणि कोर्टात पोचल्यावर कळते की समोरच्यांनी मुदत मागितली. मग लवाद आणि मध्यस्थी शनिवार-रविवारी का ठेवू नयेत, अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. मात्र सुट्टीच्या दिवशी भांडण मिटवणे हे अंगी बाणवावे लागणारे काम आहे.

साहित्य

भांडण, एक नग (बांधाचे, वाटणीचे, भिंतीचे किंवा न वटलेल्या चेकचे, जितके जुने तितके चिवट). सातबारा, आठ-अ, मोजणीचा नकाशा आणि जुन्या कागदांची पिशवी. निर्णय घेऊ शकणारे माणूस, दोन्ही बाजूंना एकेक. चहा, लागेल तितका. मामा लागत नाहीत. कारण चौथ्या पायरीत दिले आहे.

पायरी १ : परवानगीची वाट पाहू नका

रविवारी बसायला कायद्याची मनाई असेल, असे नवशिक्याला वाटते. १९९६ च्या लवाद कायद्यात वाराचा उल्लेखच नाही. कामकाज कसे चालवायचे आणि कुठे बसायचे, हे पक्षकारांनी आपसांत ठरवायचे असते. मोठ्या शहरांतले लवाद वर्षानुवर्षे शनिवारी आणि संध्याकाळी बसतात, कारण बाकीच्या वेळी वकील कोर्टात अडकलेले असतात.

२०२५ मधल्या राष्ट्रीय लोकअदालतींच्या तारखा पाहा : ८ मार्च, १० मे, १३ सप्टेंबर, १३ डिसेंबर. चारही दुसरे शनिवार, म्हणजे एरवी कोर्टाला सुट्टीचे. त्याच वर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर अशी तीन महिने देशभर मध्यस्थीची मोहीम चालली. तिच्यात पक्षकारांच्या सोयीने आठवड्याचे सातही दिवस बसण्याची मुभा होती. सातारा-सांगलीकरांची उच्च न्यायालयासाठीची मुंबईची वारी टाळणाऱ्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटनही १७ ऑगस्ट २०२५ ला झाले आणि तो रविवार होता. तेव्हा न्यायसंस्थेला रविवार वर्ज्य नाही. उद्घाटनाला तर मुळीच नाही.

पायरी २ : वार नको, हंगाम पाहा

रविवार मोकळा असतो, हा शहरी समज आहे. तासगावच्या बागायतदाराला द्राक्ष उतरायच्या दिवसांत बोलावू नका. व्यापारी बागेत उभा असताना मनुष्य देवालाही भेटत नाही. कराड-वाळव्याकडे ऊसतोडीची टोळी शिवारात उतरली की सुप्रीम कोर्टाचे समन्स आले तरी ते बांधावरच घेतले जाते. लग्नसराईतला रविवार तर मुळीच धरू नका. दोन्ही पक्ष एकाच पंगतीला निघण्याची शक्यता असते आणि तिथे मध्यस्थीपेक्षा मानापमान आधी होतो. पौषात मांढरदेवची आणि पालीची यात्रा, त्याशिवाय गावोगावच्या जत्रा. एवढे सगळे वजा करून जो रविवार उरेल, तो दोघांनाही लेखी कळवा. तोंडी कळवलेला रविवार पुढच्या रविवारी सरकतो.

पायरी ३ : लवाद की मध्यस्थ, हे आधी ठरवा

लवाद निर्णय देतो आणि तो दोघांना बंधनकारक असतो. त्यासाठी दोघांचा लेखी करार आधी हवा. तसा करार आपण केलेलाच नाही, असे म्हणण्यापूर्वी कर्जाच्या कागदाची शेवटची पाने वाचा. समोरच्याने एकट्याने, आपल्या मर्जीचा लवाद नेमला असेल तर गप्प बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा नेमणुकीला नकार दिला आहे. फीही पाहून ठेवा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या नमुना दराप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला लवादाची फी ४५,००० रुपये. दोन गुंठ्यांच्या बांधासाठी हा दर परवडतो की नाही, हे भावकीने ठरवावे.

मध्यस्थ निर्णय देत नाही. तो ऐकतो, दोघांना वेगवेगळे बसवून विचारतो आणि तोडगा तुमच्याच तोंडून काढतो. खासगीत सांगितलेली गोष्ट तो दुसऱ्या बाजूला सांगत नाही. न जमल्यास उठून जायची मोकळीक असते. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात याचे पैसे पडत नाहीत.

मध्यस्थीला आता स्वतंत्र कायदाही आहे, २०२३ चा. त्यात मध्यस्थी १२० दिवसांत आणि फार तर आणखी ६० दिवसांत संपवायला सांगितली आहे. खुद्द कायदा मात्र एका दिवसात लागू झाला नाही. पहिली काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ ला आली, बाकीच्यांना पुढची तारीख मिळाली.

पायरी ४ : मामांना घरी ठेवा

ही पायरी चुकली तर बाकीच्या वाया जातात. सोमवारी सगळे कामावर असतात, त्यामुळे भांडायला फक्त भांडणारे येतात. रविवारी सगळेच मोकळे. भांडण तेवते ठेवणारेही. मामा, मेव्हणा, गल्लीतले कार्यकर्ते आणि 'मी आपला सहज आलो' म्हणणारे एक गृहस्थ जीप भरून येतात. दोन भाऊ अडीच फुटांवर राजी होत आले की मामा विचारतात, ''तुझ्या बापानं हेच शिकवलं का रे?'' बैठक तिथेच संपते.

समोर कंपनी असेल तर उलटा घोळ. रविवारी तिचा जो प्रतिनिधी येतो, त्याला फक्त 'वरून मंजुरी घ्यावी लागेल' एवढेच म्हणायचा अधिकार असतो. वर त्या दिवशी कुणीच नसते. म्हणून नोटीस देतानाच लिहा : तडजोडीचा लेखी अधिकार असलेली व्यक्ती पाठवावी. हे वाक्य वारापेक्षा महत्त्वाचे आहे.

पायरी ५ : परंपरा सांगणाऱ्याला दोन मिनिटे द्या

प्रत्येक बैठकीत एकजण म्हणतोच, ''आपल्याकडं हे पूर्वीपासून आहे.'' त्याला बोलू द्या, तो खरे बोलतो. गोतसभा बसायच्या आणि निवाड्याचा महजर व्हायचा. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. औंध संस्थानाचा मुलूख आज साताऱ्यातल्या औंधपासून सांगलीतल्या आटपाडीपर्यंत विभागला आहे. त्या संस्थानाने १९३९ च्या राज्यघटनेत गावपंचायतींच्या हाती कारभार दिला. नाना पाटलांच्या प्रतिसरकारने चाळीसच्या दशकात न्यायदान मंडळे चालवली, तेव्हा आजच्या सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. आणि १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांची.

दोन मिनिटे झाली की त्याला थांबवा आणि परंपरेची दुसरी बाजूही सांगा. जी पंचायत दंड वसूल करते, वाळीत टाकते किंवा बाईला बोलूच देत नाही, ती मध्यस्थी नव्हे. २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. मारहाणीच्या, छळाच्या प्रकरणात सासरच्या ओसरीवर आठ माणसांत एकट्या सुनेला बसवून 'मिटवून घे' म्हणणे, हेही या मार्गदर्शिकेत बसत नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता, मग तिची मर्जी, मग बैठक.

पायरी ६ : चहा गार व्हायच्या आत लिहा

रविवारी संध्याकाळी गळ्यात गळे घालून निघालेले भाऊ सोमवारी सकाळी बांधावर पुन्हा उभे दिसतात. म्हणून तिथल्या तिथे लिहा : किती फूट, कुठून कुठे, कोण मोजणी आणणार, खर्च कोणाचा, दावा कधी काढून घेणार. दोघांच्या सह्या घ्या. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून हुकूमनामा घ्या. लोकअदालतीत मिटले तर तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

वाटणीपत्राची नोंदणी, फेरफार, मोजणीची फी ही कामे मात्र सरकारी खिडकीवरची. तिथे शनिवार-रविवार कुलूप. राज्य सरकारी कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा फेब्रुवारी २०२० पासूनच आहे. रविवारी मिटलेल्या भांडणाला सोमवारी कागद मिळाला नाही, तर मंगळवारी मामा पुन्हा येतात.

नेहमीच्या दोन शंका

*मध्यस्थांनी आणि कर्मचाऱ्यांनी सुट्टी का सोडावी?* फुकट सोडू नये. त्यांना मानधन आणि बदली रजा मिळालीच पाहिजे. दुसऱ्याच्या घरचे भांडण मिटवता मिटवता आपल्या घरी नवे लावून घेणे कुणालाच परवडणार नाही.

*रविवारी नाहीच मिटले तर?* दावा जिथे होता तिथेच आहे. मध्यस्थीत काय बोललात, ते तुमच्याविरुद्ध कोर्टात वापरता येत नाही. गमावलीच तर एक दुपार, आणि तीही रविवारची.

निष्कर्ष

सुट्टीच्या दिवशी लवाद आणि मध्यस्थी जरूर व्हावी. रोजंदारीवरच्या माणसाला त्याचा सर्वांत जास्त उपयोग आहे, कारण त्याची तारीख त्याच्या चुलीतून वजा होते. पण नुसता वार बदलून भागणार नाही. तालुक्याच्या कोर्टात महिन्यातून एका रविवारी एक दालन उघडे ठेवा, तिथे कागद दाखल करून घेणारा कारकून बसवा, आणि सोमवारी तलाठ्याच्या व दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या कागदाला पहिला नंबर द्या. तोवर वाचकांनी तालुका विधी सेवा समितीत जाऊन किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करून आपले प्रकरण मध्यस्थीला लावून घ्यावे. फोन स्वतः करावा, मामांना करायला सांगू नये.