जोखीम क्रमांक सात

आमच्याकडे सहल ठरली की माळ्यावरची बॅग नंतर निघते, आधी एक्सेलची फाईल उघडते. नवरा पॅरिसमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. घरातलं दूध संपलं तरी तो कारण, उपाय आणि जबाबदार व्यक्ती असे तीन रकाने भरतो. दूध मी आणते.

यंदा जुलैत मिरजेहून सासू-सासरे आलेले, लेकीच्या शाळेला सुट्टी लागलेली. फाईलचं बारसं झालं : 'इल द रे'. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल शहरासमोर हे बेट आहे. लांबी तीसेक किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पाच, आणि एका ठिकाणी ते इतकं निमुळतं होतं की शंभर मीटरही भरत नाही. दहा गावं, सायकलींसाठी शंभर किलोमीटरहून जास्त वाटा, आणि सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर. तंबूत राहायचं, सायकलवर फिरायचं, चुलीचं आपलं आपण बघायचं. एवढे हाल करून घ्यायला फेब्रुवारीतच पैसे भरावे लागले.

फाईलमधलं नवऱ्याचं सगळ्यात लाडकं पान 'जोखीम'. एक, पाऊस. दोन, पंक्चर. तीन, आप्पांचा गुडघा. चार, लेकीचं हेल्मेट, कारण इथे बारा वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे आणि आमच्या लेकीला ते 'वेड्यासारखं दिसतं'. पाच, डास. सहा, आषाढी एकादशी, नेमकी सहलीच्या मधोमध. आणि सात : 'आई. तंबूत झोप लागणार नाही.' शक्यता, जास्त. परिणाम, गंभीर. चौकट लाल.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. ऐन उमेदीत ते रोज सायकलने मिरज-सांगली करायचे. त्यांनी योजनेत पहिली दुरुस्ती सुचवली ती एका वाक्यावरून. १९८८ साली या बेटाला जोडणारा जवळपास तीन किलोमीटरचा पूल झाला. त्यावर मोटारींना टोल आहे, सायकलींना नाही.

"टोल नाही?" आप्पा खुर्चीतून उठलेच. "मग सायकली बेटावर भाड्याने कशाला घ्यायच्या? अलीकडेच घेऊ आणि पुलावरून जाऊ!"

स्वतःच्या सायकली न्यायचा विषय आधीच मिटला होता. इथल्या वेगवान रेल्वेत सायकल न्यायची तर बहुतेक वेळा ती सुटी करून ठरलेल्या मापाच्या पिशवीत कोंबावी लागते. नवऱ्याने सराव म्हणून दिवाणखान्यात एक सायकल सुटी केली. ती अजून सुटीच आहे.

मग आला विजेचा प्रश्न. तंबूच्या जागेवर सहा अँपिअरचं कनेक्शन मिळणार होतं. सासूबाईंनी मिरजेहून मिक्सर आणला होता, माझी इलेक्ट्रिक किटली तयार होती. आप्पांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली. "सहा गुणिले दोनशे तीस, तेराशे ऐंशी वॉट. मिक्सर साडेसातशे, किटली दोन हजार. किटली लावली की ब्रेकर पडलाच. अख्खी लाइन अंधारात जाईल आणि लोक मंडळाला शिव्या देतील." इथे मंडळ नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

किटली बाद झाली. मिक्सरही राहू दे, म्हणत सासूबाईंनी निमूटपणे लोखंडी खलबत्ता बॅगेत टाकला. नवऱ्याने 'सामान' या पानावर त्याचं वजन लिहिलं आणि उसासा टाकला. वजन जुळवायला त्याने हातोडी काढून ठेवली.

लेकीला मात्र एकाच गोष्टीत रस होता : पायजमा घातलेली गाढवं. ही थाप नाही. तिथल्या मिठागरांत पूर्वी प्वातू जातीची झिपरी गाढवं राबायची आणि डास-माश्या चावू नयेत म्हणून त्यांच्या पायांत कापडी विजार चढवायचे. सँ-मार्तँ गावात पाहुण्यांसाठी आजही ती तशी सजून उभी असतात. तेवढ्यात आमच्या कॅम्पिंगची नियमावली आली. पोहण्याच्या तलावात ढगळ अर्धी चड्डी चालणार नाही, पुरुषांनी तोकडी, अंगाबरोबरचीच घालावी. आप्पांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे गाढवाला पायजमा आणि मला लंगोट?" त्यांनी पोहणं रद्द केलं.

मोंपार्नास स्टेशनवरून तीनेक तासांत ला रोशेल आलं. सामान, सासूबाई आणि मी बसने पुढे गेलो. उरलेले तिघे भाड्याच्या सायकलींवरून फुकटच्या पुलाकडे. बेट सपाट असल्याचं फाईलमध्ये होतं, पण पुलालाच मधे चढ आहे हे नव्हतं. ल ब्वा-प्लाजच्या कॅम्पिंगवर पोचले तेव्हा नवरा बोलायच्या स्थितीत नव्हता. आप्पा होते. "टोल वसूल केला हो पुलानं," म्हणाले.

तंबू उभारायचा व्हिडिओ नवऱ्याने चार वेळा पाहिला होता. समुद्राची हवा यावी म्हणून त्याने तंबूचं तोंड पश्चिमेला केलं. सासूबाई बॅगेवर बसून बघत होत्या. "अरे, वाऱ्याकडे तोंड करू नये," त्या म्हणाल्या.

"आई, तू बस गं. दमली असशील."

रात्री दोन वाजता वारा आत शिरला आणि आमच्या तंबूचं शीड झालं. दोन खुंट्या उपटून गेल्या. लेक खिदळायला लागली, नवरा अंधारात व्हिडिओ शोधायला लागला. सासूबाई उठल्या, पदर खोचला, बॅटरी माझ्या हातात दिली. "तोंड फिरवा. सगळ्यांनी एकदम उचला. त्या झुडपाच्या आडोशाला." मग खलबत्त्यातला बत्ता काढून त्यांनी खुंट्या ठोकल्या. त्याही सरळ नाही, तिरप्या. दोऱ्या ताणून अशा बांधल्या की तंबू पुन्हा हूं की चूं करेना.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"तीन वाऱ्या केल्यात की मी. आळंदी ते पंढरपूर. राहुटीत सोळा जणी असायचो. वाखरीच्या तळावर काय वारं सुटायचं बाई." एवढं बोलून त्या आडव्या झाल्या आणि दोन मिनिटांत घोरू लागल्या. सकाळपर्यंत झोप लागली नाही ती आम्हाला.

दुसऱ्या दिवशी पश्चिम टोकाच्या दीपगृहाकडे निघालो. सासूबाई सायकल चालवत नाहीत, त्या तंबूवरच थांबल्या. जवळच्या बाजाराला जायला सायकल कशाला, असं त्यांचं म्हणणं. आम्ही निघालो आणि अटलांटिकवरून येणारा वारा छातीवर बसला. पॅडल मारावं तेवढी सायकल जागच्या जागी. बाजूला मिठागरांचे चौकोन, दूर आर्स गावच्या चर्चचा अर्धा पांढरा, अर्धा काळा मनोरा. तो खलाशांना दिशा कळावी म्हणून तसा रंगवलेला. आम्हाला तो अर्धा तास तेवढाच लांब दिसत राहिला.

"घाट नाही म्हणाला होतास ना?" आप्पा ओरडले.

"नाहीये!"

"हा आहे की! आडवा घाट आहे!"

दीपगृह १८५४ सालचं, ५७ मीटर उंच, पायऱ्या २५७. जोखीम क्रमांक तीन खाली बाकावर बसली, लेक एका दमात वर. परतताना वारा पाठीशी आला आणि सायकली आपोआप पळू लागल्या. नवरा म्हणाला, "बघा, पायांना सवय झाली." वारा पाठीशी असला की सगळ्यांचेच पाय चांगले असतात.

एकादशीला सासूबाई सकाळीच बाजारात जाऊन आल्या. पिशवीत बेटावरचे इवले बटाटे होते. या बटाट्यांना १९९८ मध्ये मूळस्थानाचं सरकारी मानांकन मिळालं. फ्रान्समध्ये तो मान मिळवणारे ते पहिलेच बटाटे. नवऱ्याने हे कौतुकाने सांगितलं. "विठोबाला चालतील," सासूबाई म्हणाल्या. साबुदाणा मिरजेहून आला होता, दाण्याचं कूट बत्त्याने झालं आणि जिऱ्याचा वास तीन तंबू ओलांडून गेला. शेजारची फ्रेंच आजी वाटी घेऊनच आली. उपासाचं आहे हे मी तिला समजावलं. तुपात परतलेले बटाटे, साबुदाण्याची खिचडी आणि दही यांकडे बघत तिने विचारलं, "मग उपास सुरू कधी होणार?"

परतीच्या गाडीत नवऱ्याने लॅपटॉप उघडला, पुढच्या वर्षाची तयारी. शेजारून सासूबाईंनी चष्मा सावरत डोकावलं. "ते सात नंबरला 'आई' काय लिहिलंयस रे?"

नवरा काही बोलला नाही. त्याने ती लाल ओळ पुसली. मग 'सामान' या पानावर जाऊन सगळ्यात वर नवी ओळ टाकली : खलबत्ता, नग १. जबाबदार व्यक्ती : आई.