स्वयंपाकघराचे कान

सोलापुरात पाण्याची टंचाई आहे, सावलीची आहे; आवाजाची मात्र कधीच नव्हती. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या मागच्या बोळात दुपारी उभं राहिलं की यंत्रमागांची खटखट आधी तळपायाला कळते, मग कानाला. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, नंतर एकामागून एक जयंत्या, प्रत्येक जयंतीची मिरवणूक आणि मिरवणुकीपुढे लेझीम. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत भांडण ऐकायला मिळतं, आणि बघ्यांना चारही समजतात. अशा गावात आमच्या घरी ठराव मांडला गेला की स्वयंपाकघर फार सुनंसुनं वाटतं, तिथे भिंतीवर एक झकास स्पीकर लावू या.

ठराव मांडणाऱ्यांपैकी कुणीही तिथे चहापलीकडे काही करत नाही, हे ओघानं आलंच. हेतू मात्र थोर होता. "तुला एकटीला कंटाळा येत असेल," हे म्हणाले. कंटाळ्यावर दुसराही एक उपाय होता, भाकऱ्या थापायला जोडीला येण्याचा. पण तो भिंतीवर टांगता येत नाही.

मग चिरंजीवांनी मोबाईलवर अभ्यास सुरू केला, ह्यांनी टेप घेऊन भिंती मोजल्या आणि रविवारी आमची वरात दुकानात गेली. तिथल्या मुलानं आल्या आल्या वॅट सांगायला सुरुवात केली. साठ, शंभर, दीडशे. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल, आणि तेवढा फरक कानाला कसाबसा जाणवतो. हे चिरंजीवांनीच आदल्या रात्री मला समजावलं होतं. दुकानात तेही दीडशेच्या आकड्यापुढे मान डोलवत होते. "बेस बघा मॅडम," असं म्हणून मुलानं काहीतरी लावलं, तेव्हा काउंटरवरचे चार्जर सरकायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे आमची मांडणी आली. खर्जाचा सूर लागला की त्यातली ताटं, वाट्या, झाकणं आपापल्या मर्जीनं झणझणणार, आणि गाणं कुठलंही लावलं तरी साथीला बोहारीण बसल्याचा भास होणार.

दुकानात जे कुणी विचारलं नाही ते इथे सांगते. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे कान रिकामे नसतात. डोळे चिरण्यात गुंतलेले असतात, हात पिठात असतात. चुलीवर लक्ष ठेवायचं काम कानांकडेच असतं. मोहरीची तडतड मंदावली की जिऱ्याची वेळ झाली. शेंगा भाजताना आधी नुसती कालथ्याची खरखर, मग टचटच, आणि ती टचटच दाट झाली की गॅस बंद, नाहीतर चटणी कडवट. दूध वर येण्याआधी पातेल्यातला आवाज खाली उतरतो. कुकर शिट्टी देण्यापूर्वी फुसफुसतो, त्यावरून आत पाणी पुरेसं आहे की नाही याचा अंदाज येतो. भाकरीचं पीठ मळून झालं की नाही हे थापण्याचा आवाजच सांगतो, आमच्या अत्या, म्हणजे सासूबाई, पुढच्या खोलीत बसून तेवढ्यावरून सांगतात, "अजून दोन हात मार गं, चिरणार बघ ती." आणि या सगळ्यावर मात करणारा आवाज म्हणजे नळाचा. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात नळातून आधी हवा सुटते. ती फुस्स ज्या घरात ऐकू आली नाही, त्या घरानं पुढचे चार दिवस शेजारी कळशी घेऊन जावं. उजनी धरण भरलं का हे पेपरात वाचता येतं. नळ सुटला का हे कानानंच कळतं.

तेव्हा स्पीकर घ्यायचा तो या कामातून उरलेल्या कानांसाठी. ही अट एकदा मान्य केली की निम्मं दुकान आपोआप बाद होतं.

पहिल्यांदा बाद होते ती जोडी. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि दोघांच्या समोर बरोबर मध्यावर, त्रिकोणाच्या टोकाला, ऐकणारा स्थिर बसलेला: स्टिरिओची सगळी मजा या बैठकीवर अवलंबून असते. स्वयंपाकघरात स्थिर बसलेलं एकच असतं, ते म्हणजे पिठाचा डबा. मी कट्ट्यावरून फ्रिजकडे, फ्रिजकडून मोरीकडे फिरणार. फ्रिजपाशी मला नुसता तबला ऐकू येणार आणि मोरीपाशी नुसती सतार. त्यापेक्षा एकच स्पीकर बरा. चिरंजीवांना हे मागासलेपणाचं वाटलं.

दुसरी गोष्ट खोलीची. आमची फरशी शहाबादी, कट्टा कडप्प्याचा, कट्ट्यावरच्या भिंतीला टाइल्स. एक दगड कर्नाटकातून आलेला, एक आंध्रातून, आणि आवाज परत फेकण्याच्या बाबतीत दोघांचं एकमत. मऊ म्हणावं असं तिथे फडक्याशिवाय काही नाही. अशा खोलीत आवाज मोठा केला की शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट एकमेकांवर पडतात. मिक्सर लावला तर तो ऐंशी डेसिबलच्या पुढे सहज जातो. त्याच्यावर गाणं चढवायचं म्हणजे नव्वदच्या पुढे जाणं आलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. ती मोजायला कुणी आमच्या खिडकीत येणार नाही हे खरं, पण मिरवणुकीतल्या डीजेवर तावातावानं बोलायचं आणि घरात खोबऱ्याच्या वाटणाशी स्पर्धा लावायची, हे काही बरं दिसत नाही. मिक्सर सुरू झाला की गाण्यानं आपणहून थांबावं.

खरं तर भिंतीवरचा स्पीकर आमच्या घराला नवा नाही. जुन्या भागात दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आहेत आणि त्यांत कोनाडे. सासऱ्यांचा रेडिओ अशाच एका कोनाड्यात होता, अंगावर भरतकामाचा झगा घालून. तिन्ही बाजूंनी भिंत असल्यामुळे त्याचा आवाज भरदार आणि थोडा घुमणारा येई. आज दुकानदार ज्याला बेस म्हणून पैसे घेतो, तो कोनाडा फुकट देत होता. मात्र कोनाडा पुढच्या खोलीत, आणि रेडिओचं तोंड रस्त्याकडे. स्वयंपाकघराच्या वाट्याला यायची ती त्याची पाठ.

अत्या सांगतात त्यावरून बायकांचं ऐकणं कसं चालायचं ते कळतं. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. बिनाका गीतमाला १९५२ मध्ये सुरू झाली, दर बुधवारी रात्री आठला. आता रात्री आठ ही काय वेळ आहे? पुरुष हातपाय धुऊन निवेदक अमीन सयानींपुढे बसणार आणि बायका तव्यापुढे. वरच्या क्रमांकाचं गाणं लागायला आणि शेवटची भाकरी फुगायला एकच गाठ. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, तिनं दुपारसुद्धा गाण्यांना दिली, तेव्हा कुठे बायकांना भांडी घासून झाल्यावर पदर खोचलेलाच ठेवून कोनाड्यापाशी उभं राहता आलं. अत्यांना जुनी गाणी पाठ आहेत, पण पुष्कळांची नुसती ध्रुवपदं. अंतऱ्याला फोडणी पडलेली असायची.

त्याच्याही आधी सोयच निराळी होती. जात्यावर बसायचं आणि स्वतःच गायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा संख्या एक लाखाच्या वर गेली. आज त्या 'परी' या संकेतस्थळाच्या संग्रहात ऐकायला मिळतात. मला त्यातल्या आशयाइतकंच व्यवस्थेचं कौतुक वाटतं. गाणारी तीच, ऐकणारी तीच, लय हाताची, आवाज कमी-जास्त करण्याचा अधिकार तिचा, आणि दळण संपलं की मैफल संपली. भावाला दोन शब्द सुनवायचे असले तरी ओवीतून सुनवता येत. या तोडीचं यंत्र दुकानात मिळत नाही. पहाटे चारला उठून पायलीभर ज्वारी दळायची अट आहे म्हणून मी त्याची मागणीही करणार नाही.

उरला प्रश्न वायरचा. बिनवायरीचा घ्या, असं सगळे म्हणाले. आम्ही एक उसना आणून पाहिला. उत्तम चालला, फक्त मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला ठेवला की गायिकेला उचकी लागे. ब्लूटूथच्या लहरी आणि मायक्रोवेव्हच्या लहरी साधारण एकाच पट्ट्यातल्या, अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. भट्टीतून थोडीशी गळती झाली तरी गाणं अडखळतं. ह्यांना यात भात कधी गरम झाला हे कळण्याची सोय दिसली.

वायरचाच घ्यायचं ठरलं, आणि जागा वायरमननं ठरवली. ह्यांना स्पीकर छताजवळ हवा होता, शोभून दिसतो म्हणून. पण तेलाची वाफ आणि मिरचीचा खाट वरच जाऊन बसतो, हे ज्यांनी कधी एक्झॉस्ट फॅन पुसला आहे त्यांना सांगावं लागत नाही; महिन्याभरात जाळीवर चिकट साय धरली असती. मग ह्यांनी कोनाड्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. वायरमननं ड्रिल लावलं, भुरभुर पांढरी माती खाली आली, आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, गिट्टी धरायची नाही ओ इथं. आत नुसती माती हाय." शेवटी दाराशेजारच्या विटांच्या भिंतीवर, शेगडीपासून दूर, माझ्या खांद्याच्या उंचीवर एक लहानसा स्पीकर बसला. पाण्याचे शिंतोडे सोसणारा, एकुलता एक, आणि पुढे गोल खुंटी असलेला. खुंटीवर मी अडून बसले होते. कणकेच्या बोटांनी मोबाईल हाताळता येत नाही. खुंटी मनगटानंही फिरते.

काय लावायचं याचा तह व्हायला खुंटी बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. अत्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे सकाळी कन्नड वचनं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं त्यांच्याच गावात ऐकायची तर कन्नडमध्येच ऐकावी लागतात, याला कुणाची हरकत नाही. नंतर माझी नाट्यगीतं, दुपारी आकाशवाणी. चिरंजीवांना रात्री नऊनंतरची वेळ दिली आहे, ओटा पुसण्याच्या अटीवर; त्यांची गाणी हल्ली कमी झाली आहेत.

परवा मात्र एक अर्ज आला. पलीकडच्या पद्मशाली काकू, ज्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोर चार हातांवर आहे, चटणीसाठी उखळात शेंगा कुटता कुटता ओरडल्या, "अगं, जरा मोठा कर की, अर्धंच ऐकू येतंय." मी खुंटी थोडी फिरवली. त्यांनी लगेच घंटसालांची तेलुगू गाणी आहेत का म्हणून विचारलं. आता चिरंजीव ती शोधतायत, आणि मी काकूंकडून त्यांच्या मिक्सरच्या वेळा लिहून घेतल्यात.