योनासची आत्या आणि आमच्या आई

मु. पो. राहुरी, जि. अहिल्यानगर
(२०२४ पर्यंत अहमदनगर. या बदलात तुमचा हात नाही, हे मान्य.)

श्री. बारान बो ओदार आणि यान्त्येताई फ्रीझ यांना सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, 'डार्क' ही तुमची जर्मन मालिका काल रात्री आमच्या घरात संपली आणि सकाळपासून सासूबाई माझ्याशी तुटक बोलताहेत. बाकीच्या जगाचं २०२० मध्येच बघून झालं होतं. आमच्यापर्यंत ती नगर-मनमाड रस्त्यानं आली असावी.

किरकोळ तक्रारी आधी उरकते. तुमच्या विंडेन गावात एका भागात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्या पाथर्डी-जामखेडला अख्ख्या पावसाळ्यात पडला तर लोक पेढे वाटतील. पडद्यावर अंधार इतका, की लाइट गेली की काय म्हणून मी पंख्याकडे बघत होते. आणि ती गुहा, जिच्यात शिरलं की माणूस तेहतीस वर्षं मागं जातो. आमच्या राहुरी तालुक्यात गुहा नावाचं गावच आहे. तिथून निघालेल्या माणसाचाही वेळ भरपूर जातो, पण तो खड्ड्यांत. साल तेच राहतं.

खरं दुखणं नात्यांचं आहे.

आमच्या आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) पाच तालुक्यांतली सोयरीक तोंडपाठ. लग्नाच्या मांडवात अनोळखी बाई दिसली की 'तुम्ही कोणाच्या?' एवढ्या एका प्रश्नात तिला तीन पिढ्या मागं नेऊन जेवणाची पंगत बसायच्या आत परत आणतात. अशा बाईला शेजारी बसवून मी खालची इंग्रजी अक्षरं मराठीत सांगत होते. मिकेल नावाचं पोर हरवतं, थेट १९८६ मध्ये निघतं, तिथंच वाढतं, हानाशी लग्न करतं, त्यांना योनास होतो. योनासचा जीव मार्थावर. आणि मार्था मिकेलची सख्खी बहीण. आईंचा मेथी निवडणारा हात थांबला.

"म्हणजे ती पोरगी त्याची आत्या लागती?"

मी म्हटलं, हो.

"आणि हे लिहिणाऱ्यांना माहितीय?"

सांगा, काय उत्तर देऊ? मामाची मुलगी आमच्याकडे चालते. आत्याबाईला मिशा असत्या तर काय झालं असतं, इथवरच आमच्या पूर्वजांची कल्पनाशक्ती गेली होती. तुम्ही फारच पुढं गेलात.

पुढं तर, मिकेलचा बाप उलरिख, त्याचं लफडं जिच्याशी, ती हाना त्याचीच सून निघाली. हे मी 'शेजारीण आहे' म्हणून निभावून नेलं. सासूच्या शेजारी बसून सासऱ्या-सुनेचं असलं काही तोंडातून काढायचं कसं? शार्लोट एलिझाबेथची आई आणि तिचीच मुलगी, यावर आई एवढंच म्हणाल्या, "आपल्यातबी आजी पोटी येती. पण आधी ती मरायला लागती." योनास हा स्वतःच्या आजोबांचा पणजोबा ठरला, तेव्हा लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढायला घेतलेली वंशावळ मी सोडून दिली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात. हे कुटुंब तिथं गेलं तर गुरुजी वही मिटून जेवायला निघून जातील.

तिसऱ्या पर्वात दुसरं जग आणलंत. त्याचं आम्हाला अप्रूप नाही. आमच्या जयंत नारळीकरांनी एका विज्ञानकथेत गंगाधरपंत गायतोंड्यांना ट्रकच्या धडकेसरशी दुसऱ्या जगात धाडलं होतं, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून गेली, फरक एवढाच. एका गोळीत जग बदललं, एका कथेत गोष्ट संपली, आणि कोणाची आत्या भलतीकडे गेली नाही.

पण शेवटाला माफी नाही. २६ भाग नात्यांचा सातबारा लिहून घेतलात, फेरफार चढवायला लावलेत, आणि मग म्हणालात, ही दोन्ही जगं म्हणजे टानहाउस नावाच्या घड्याळजीच्या यंत्रानं झालेली चूक, पुसून टाका. सातबारा कोरा! आमच्याकडे ही मागणी कर्जासाठी होते. तुम्ही माणसंच माफ केलीत.

त्या उलरिखचं काय? पोर शोधायला गुहेत शिरलेला बाप. १९५३ मध्ये अडकला, वेड्यांच्या इस्पितळात म्हातारा झाला, १९८७ मध्ये पोर समोर आलं तर पोलिसांनी ओढून नेला. वागायला नालायक माणूस, मान्य. पण पोरासाठी म्हातारपणापर्यंत झुरला, आणि तुम्ही सांगता, तो जन्मलाच नव्हता? शेवटी त्याची बायको कातारिना मित्रमैत्रिणींत जेवायला बसलीय आणि असा कोणी होता याचा तिला पत्ता नाही. लाज कशी वाटली नाही हो?

टानहाउसपाशी मात्र माझं तोंड बंद होतं. पावसाळी रात्र, पूल, गाडी. मुलगा, सून, तान्ही नात, तिघंही गेली. ती गाडी त्या रात्री निघू नये, म्हाताऱ्याला हवं होतं ते एवढंच. "त्याचं काय चुकलं?" आई म्हणाल्या. आमच्या रस्त्याकडेच्या गावांत 'त्या दिवशी गाडी काढायलाच नको होती' असं कोणी म्हणत नाही असं घर विरळा. यंत्र हाती आलं तर मीही चालू करीन, जगाचं काय व्हायचं ते होवो. एवढं खरं तुम्हाला लिहिता येत होतं, तर ते शेवटापर्यंत कशाला लपवून ठेवलंत?

तुमची पुढची मालिका, '१८९९', २०२२ मध्ये आली आणि नेटफ्लिक्सनं एका पर्वावरच बंद केली. मला वाईट वाटलं, खरंच. गोष्ट रंगात असताना आपली माणसं पुसली गेली की कसं होतं, ते तुम्हालाही कळलं असेल.

तरी विनंती अशी, की यापुढं लिहाल ते आधी आमच्या आईंना दाखवा. नाती तपासून देतील. मानधन नको. अट एकच, कोणाला 'जन्मलाच नव्हता' म्हणायचं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
उलरिखच्या बाजूची एक प्रेक्षक